खगोलीय उपकरणांची घडण : ओतकामापासून त्रिमितीय मुद्रणापर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

खगोलशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. ज्या उपकरणांमुळे ते शोध शक्य झाले, त्यांच्या घडणीकडे त्यामानाने कमी लक्ष दिले गेले आहे. प्रस्तुत निबंधात परावर्ती दुर्बिणीचा आरसा व त्याला आधार देणारे भाग घडविण्याच्या पद्धतींचा अठराव्या शतकापासून आजच्या त्रिमितीय मुद्रणापर्यंतचा आढावा घेतला आहे. भाग हलका असावा आणि तरीही तो वाकू नये, हा या साऱ्या इतिहासामागील समान प्रश्न आहे. प्रत्येक नव्या पद्धतीने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले आणि त्यासोबत नवे दोषही आणले. कोणतीही पद्धत एका कारागिराकडून व्यापक समाजाकडे गेली ती तिच्यातील अपयशांची व कसोट्यांची नोंद खुली झाल्यावरच, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्रिमितीय मुद्रणाचा स्वीकार करणाऱ्या महाविद्यालयांना या इतिहासातून काय घेता येईल, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : परावर्ती दुर्बीण, ओतकाम, आरसा, त्रिमितीय मुद्रण, सच्छिद्रता, महाविद्यालयीन कार्यशाळा.

प्रस्तावना

आकाशातील अतिमंद प्रकाश गोळा करून तो एका बिंदूशी आणणे हे दुर्बिणीचे मुख्य कार्य होय. हे कार्य करणारा आरसा आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा सांगाडा या दोन्ही गोष्टी कोणत्या ना कोणत्या कार्यशाळेत तयार होतात. कार्यशाळेची जी मर्यादा तीच पुष्कळदा त्या काळच्या खगोलशास्त्राचीही मर्यादा ठरली आहे.

गेल्या सुमारे चार दशकांत थरावर थर चढवून वस्तू घडविण्याचे तंत्र विकसित झाले. इंग्रजीत ‘ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ व बोलीभाषेत ‘थ्रीडी प्रिंटिंग’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या तंत्रास प्रस्तुत निबंधात ‘त्रिमितीय मुद्रण’ असे म्हटले आहे. पारंपरिक यंत्रशाळेत धातूच्या ठोकळ्यातून नको असलेला भाग कातून काढला जातो. त्रिमितीय मुद्रणात हवा असलेला भागच थराथराने जोडला जातो. त्यामुळे या तंत्राकडे क्रांती म्हणून पाहण्याचा कल आहे. ही क्रांती किती आणि जुन्या प्रयत्नांचे सातत्य किती, हे उपकरणनिर्मितीच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवरच ठरविता येईल.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) दुर्बिणीच्या आरशाचे वजन कमी करण्याच्या प्रयत्नांचा ऐतिहासिक क्रम पाहणे.
२) त्रिमितीय मुद्रणाचा उगम व खगोलीय उपकरणांत झालेला त्याचा प्रवेश यांचा आढावा घेणे.
३) या तंत्राच्या मर्यादा तपासून भारतीय महाविद्यालयांच्या दृष्टीने त्यांचा अर्थ लावणे.

१. वजनाचा प्रश्न

दुर्बीण जसजशी मोठी होते तसतसा तिच्यात अधिक प्रकाश जमा होतो. आरशाचा व्यास दुप्पट केल्यास प्रकाश चौपट मिळतो. परंतु आरसा स्वतःच्याच भाराने वाकतो. एकसंध तबकडीच्या बाबतीत हे वाकणे व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे व्यास दुप्पट केला आणि वाकणे पूर्वीइतकेच ठेवायचे असेल तर जाडी चौपट व वजन सोळापट करावे लागते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असते आणि आरशाचा पृष्ठभाग तिच्याही लहान अंशापर्यंत अचूक असावा लागतो. दुर्बीण रात्रभर दिशा बदलत राहते, तरीही ही अचूकता टिकली पाहिजे.

वजनाबरोबर उष्णतेचाही प्रश्न येतो. जाड आरसा संध्याकाळी हळूहळू थंड होतो; तोपर्यंत त्याचा आकार बदलत राहतो आणि त्याच्या पुढील हवाही अस्थिर राहते. त्यामुळे आरसा हलका असणे ही केवळ काटकसरीची बाब उरत नाही. निरीक्षणाची गुणवत्ताच तिच्यावर अवलंबून असते. पुढील तीन शतकांतील कारागिरांनी या एकाच प्रश्नाशी झुंज दिली.

२. धातूचे ओतकाम : हर्शेल आणि रॉस

आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये तयार केलेल्या पहिल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा तांबे व कथिल यांच्या मिश्रधातूचा होता. हा पांढरट, ठिसूळ मिश्रधातू चांगली चकाकी घेई. परंतु थंड होताना त्यास तडा जाण्याचा धोका मोठा असे.

विल्यम हर्शेल यांनी मार्च १७८१ मध्ये युरेनसचा शोध लावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील बाथ येथील राहत्या घरी ३६ इंच व्यासाचा आरसा ओतण्याचा त्यांनी प्रयत्न केला. साच्यासाठी घोड्याची लीद कांडून व बारीक चाळून माती तयार करावी लागत होती. हे कष्टाचे काम त्यांच्या भगिनी कॅरोलिन यांनीही केले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. दोन्ही वेळचे ओतकाम फसले. दुसऱ्या वेळी भट्टीतून वितळलेला धातू गळून दगडी फरशीवर पसरला, फरशीचे दगड उष्णतेने फुटून उडू लागले आणि सर्वांना जीव वाचवून बाहेर पळावे लागले.

पुढे १७८९ मध्ये पूर्ण झालेल्या ४० फुटी दुर्बिणीसाठी हर्शेल यांनी ४८ इंची आरसे ओतवून घेतले. पहिला आरसा अपेक्षेपेक्षा पातळ निघाला आणि आकार टिकवू शकला नाही. अधिक जाड आरसा करावा लागला व त्याचे वजन सुमारे एक टनापर्यंत गेले. वजन आणि ताठपणा यांतील विरोध येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर समोर आला. हर्शेल दुर्बिणी तयार करून विकत असत. आरशाला अचूक वक्रता व चकाकी देण्याची आपली रीत मात्र त्यांनी प्रसिद्ध केली नाही. परिणामी त्यांच्यानंतरच्या निर्मात्यांना पुष्कळ गोष्टी नव्याने शोधाव्या लागल्या.

आयर्लंडमधील बर येथील तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स यांनी नेमकी उलट वाट धरली. आपल्या जहागिरीतील स्थानिक कामगारांना शिकवून त्यांनी काम करवून घेतले, वाफेच्या शक्तीवर चालणारे पॉलिशचे यंत्र तयार केले आणि १८४० मध्ये आपल्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ओतताना अडकणारा वायू निघून जावा म्हणून साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या रचून तयार करण्याची त्यांची युक्ती सर्वांना माहीत झाली. १८४५ मध्ये कार्यान्वित झालेल्या त्यांच्या ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ या तेजोमेघाची सर्पिल रचना प्रथमच दिसली. या दुर्बिणीच्या आरशाचे वजन सुमारे तीन टन होते. धातूच्या घन आरशाची वाढ येथे जवळजवळ थांबली.

३. काच, चांदी आणि पुण्याची वेधशाळा

१८५६ मध्ये जर्मनीत स्टाइनहाइल यांनी व १८५७ मध्ये फ्रान्समध्ये लेआँ फूको यांनी काचेवर रासायनिक रीतीने चांदीचा पातळ थर चढवून दुर्बिणीचे आरसे केले. धातूचा आरसा काळवंडला की तो पुन्हा पॉलिश करावा लागे आणि त्यात त्याची वक्रता बिघडण्याचा धोका असे. काचेवरील चांदी मात्र आकार न बिघडवता काढून पुन्हा चढविता येई. फूको यांनी १८५८ च्या सुमारास पात्याच्या धारेने आरसा तपासण्याची सोपी व अत्यंत संवेदनशील कसोटी दिली. एक लहान दिवा व एक पाते एवढ्या साधनांनी पृष्ठभागातील सूक्ष्म चूक डोळ्यांना दिसू लागली. या कसोटीमुळेच आरसा घडविण्याची कला हौशी व्यक्तींच्या आवाक्यात आली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

या परंपरेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारचे साहाय्य मिळवून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आली होती आणि त्या काळी ती भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ही वेधशाळा बंद झाली व उपकरणे कोडाईकनालला हलविण्यात आली. एका महाविद्यालयाला प्रथम दर्जाची दुर्बीण लाभली. ती घडविणारी कार्यशाळा व तिला सांभाळणारी कारागिरांची परंपरा मात्र लाभली नाही. या घटनेचा विचार निबंधाच्या अखेरीस पुन्हा करावा लागेल.

४. पोकळ आरसा : विल्सन, पालोमार, ॲरिझोना आणि वेब

अमेरिकेतील माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीची काच फ्रान्समधील सँ-गोबँ कारखान्यात ओतली गेली. एवढी काच एका वेळी वितळविणे शक्य नसल्याने ती तीन वेळा, एकावर एक ओतण्यात आली. त्यामुळे थरांच्या सीमेवर बुडबुडे अडकले. १९०८ च्या अखेरीस काच पोहोचली तेव्हा ती सदोष ठरवून बाजूला ठेवण्यात आली. पण दुसरी चांगली काच तयार होऊ शकली नाही. अखेर तीच वापरावी लागली. बुडबुडे पृष्ठभागापासून खोल असल्याने बाधक ठरले नाहीत. १९१७ मध्ये कार्यान्वित झालेल्या याच दुर्बिणीने एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानी तेजोमेघातील सेफीड तारा ओळखला. थरांच्या सीमेवर राहणारी पोकळी हा प्रश्न पुढे त्रिमितीय मुद्रणात पुन्हा उभा राहिला.

पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीसाठी घन काच वापरणे अशक्यच होते. म्हणून कॉर्निंग कंपनीने पायरेक्स काच वापरून आरशाच्या मागील बाजूस फासळ्या ठेवण्याचे ठरविले. त्यासाठी साच्यात जागोजाग गाभे बसवावे लागले. २५ मार्च १९३४ च्या पहिल्या ओतकामात काही गाभे सुटून वितळलेल्या काचेवर तरंगू लागले. गाभ्यांचे बोल्ट बदलून व ते थंड ठेवण्याची व्यवस्था करून २ डिसेंबर १९३४ रोजी दुसरे ओतकाम यशस्वी झाले. त्यानंतर काच कित्येक महिने अतिशय मंद गतीने थंड करण्यात आली. सुमारे २० टनांची ही तबकडी घासून व पॉलिश होऊन सुमारे साडेचौदा टनांची झाली आणि १९४८ मध्ये दुर्बिणीचे उद्घाटन झाले. फसलेली पहिली तबकडी नष्ट करण्यात आली नाही. ती कॉर्निंगच्या काचसंग्रहालयात प्रदर्शित करण्यात आली.

फासळ्यांची ही कल्पना रॉजर एंजेल यांनी ॲरिझोना विद्यापीठात पूर्णत्वास नेली. १९८० च्या सुमारास घरामागील लहान भट्टीत पायरेक्सच्या वाट्या एकमेकींना जोडण्याच्या प्रयोगापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे फिरत्या भट्टीत षट्कोनी गाभ्यांभोवती काच वितळवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आतून पोकळ रचना मिळविण्यात आली. भट्टी फिरत असल्यामुळे काचेचा वरचा पृष्ठभाग आपोआप अन्वस्ताकार होतो. या पद्धतीने ८.४ मीटर व्यासापर्यंतचे आरसे तयार झाले. त्यांचे वजन तेवढ्याच घन आरशाच्या सुमारे एक पंचमांश असते.

अंतराळात हा प्रश्न अधिक कठोर होतो, कारण तेथे पोहोचविलेल्या प्रत्येक किलोग्रॅमची किंमत मोजावी लागते. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे १८ षट्कोनी भाग बेरिलियम धातूचे आहेत. प्रत्येक भागासाठी सुमारे २५० किलोग्रॅमचा ठोकळा घेऊन त्याची मागील बाजू कोरत नेण्यात आली आणि शेवटी सुमारे २१ किलोग्रॅमचा भाग उरला. म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक मौल्यवान धातू कातून काढावा लागला. कातकामाच्या पद्धतीची ही परमसीमा म्हणता येईल. जो धातू शेवटी काढूनच टाकायचा तो मुळात ठेवावाच कशासाठी, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

५. त्रिमितीय मुद्रणाचा उगम

या तंत्राचा उगम खगोलशास्त्रात झालेला नाही. जपानमधील नागोया येथील नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या द्रव राळेपासून थराथराने वस्तू तयार करण्याची रीत मांडली. १९८० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मात्र मिळाले नाही. फ्रान्समधील तीन संशोधकांनी जुलै १९८४ मध्ये अशाच कल्पनेचा अर्ज केला; परंतु त्यांच्या संस्थांना त्यात व्यापारी भविष्य दिसले नाही. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ऑगस्ट १९८४ मध्ये, अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी अर्ज केला. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांची कंपनी स्थापन झाली.

याच दशकात टेक्सास विद्यापीठातील विद्यार्थी कार्ल डेकार्ड यांनी प्राध्यापक जो बीमन यांच्या मार्गदर्शनाखाली लेसरने भुकटी जोडण्याची पद्धत विकसित केली. १९८९ मध्ये स्कॉट क्रम्प यांनी तापवून मऊ केलेल्या प्लास्टिकच्या तंतूने वस्तू रेखाटण्याच्या पद्धतीसाठी अर्ज केला. १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतील आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत धातूची भुकटी लेसरने पूर्णपणे वितळवून घन भाग तयार करण्याचे काम झाले. खगोलीय उपकरणांच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय.

धातूच्या मुद्रणाची रीत थोडक्यात अशी आहे. संगणकावर तयार केलेल्या आकाराचे पातळ काप कल्पिले जातात. यंत्रातील पाटावर भुकटीचा थर पसरला जातो. त्याची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. त्या कापाच्या आकृतीवरून लेसर फिरतो व तेवढीच भुकटी वितळून घट्ट होते. पाट किंचित खाली सरकतो, नवा थर पसरतो व क्रिया पुन्हा होते. शेवटी सैल भुकटी झटकून भाग बाहेर काढला जातो.

क्रम्प यांच्या पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली. त्यापूर्वीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकणाऱ्या यंत्राचा प्रकल्प सुरू करून त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले होते. या दोन घटनांमुळे प्लास्टिक छापणारी स्वस्त यंत्रे शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. ज्या बाथमध्ये हर्शेल यांचे ओतकाम फसले, त्याच गावातून दोन शतकांनंतर हे खुले आराखडे बाहेर पडले, हा योगायोग उल्लेखनीय आहे.

६. खगोलीय उपकरणांत प्रवेश

खगोलीय उपकरणे मोठ्या संख्येने तयार होत नाहीत. बहुतेक उपकरण हे एकमेव असते. मोठ्या उत्पादनात उपयोगी पडणारे साचे येथे परवडत नाहीत. त्यामुळे एकेक नग घडविणारे हे तंत्र या क्षेत्रास स्वभावतःच जवळचे आहे.

२०१४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात मुख्यतः मुद्रित भागांनी बनविलेला ५० मिलिमीटरचा लहान कॅमेरा तयार करण्यात आला. त्याची नळी, आतील प्रकाशरोधक कडा व आरसे-भिंगांचे आधार एकत्रच छापले होते. संपूर्ण रचनेसाठी ॲल्युमिनियम व टायटेनियमच्या भुकटीपासून केलेले अवघे चार भाग लागले. पारंपरिक रीतीने पाच ते दहापट अधिक भाग लागले असते. भागांची संख्या घटली की जोड घटतात, स्क्रू घटतात आणि तापमान बदलल्यावर सरकणाऱ्या जागाही घटतात. त्याच वर्षी इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातून मुद्रित सांगाडा व स्वस्त संगणकीय कॅमेरा असलेली ‘पायकॉन’ ही दुर्बीण लोकांसमोर आली. तिचा खर्च सुमारे १०० पौंड होता. एकीकडे अंतराळ संस्था आणि दुसरीकडे सामान्य हौशी निरीक्षक अशा दोन्ही टोकांना हे तंत्र एकाच वेळी पोहोचले.

ग्रहविज्ञानात याचा प्रत्यक्ष वापर झाला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या बग्गीवर धातूचे ११ मुद्रित भाग आहेत. त्यांपैकी ५ ‘पिक्सल’ या क्ष-किरण उपकरणात व ६ मंगळाच्या हवेपासून प्राणवायू तयार करणाऱ्या ‘मॉक्सी’ या उपकरणात बसविले होते. पिक्सलचे कवच पोकळ व पातळ छापल्यामुळे त्याचे वजन पारंपरिक कवचाच्या तुलनेत तीन ते चार पटींनी कमी झाले.

युरोपमध्ये एडिंबरा येथील खगोल तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून हलक्या मुद्रित आरशांवर काम केले. आरशाचा दर्शनी भाग पातळ ठेवून त्यामागे जाळीदार रचना छापता येते. या रचनेत एंजेल यांच्या पोळ्याप्रमाणे सर्व कोष सारखे असण्याची गरज राहत नाही. जेथे भार अधिक तेथे जाळी दाट व जेथे कमी तेथे विरळ करता येते. मागची बाजूही बंद ठेवता येते, जे कातकामाने जवळजवळ अशक्य होते. या प्रकल्पातील संशोधकांनी आपले निष्कर्ष पाककृतींच्या पुस्तकाच्या धर्तीवर एकत्र मांडले आहेत. कोणता धातू व कोणते यंत्र वापरले आणि काय बिघडले, याचीही नोंद त्यांनी ठेवली. लॉर्ड रॉस यांच्या १८४० च्या निबंधाशी याचे नाते सहज लक्षात येते.

७. आरशाची कसोटी व तंत्राच्या मर्यादा

मुद्रण यंत्रातून थेट आरसा बाहेर येतो, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मुद्रित थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अनेक पटींनी मोठी असते. त्यामुळे छापलेला भाग ही केवळ आरशाची कच्ची तबकडी असते. तिच्यातील अवशिष्ट ताण काढण्यासाठी तिला उष्णता द्यावी लागते. त्यानंतर हिऱ्याच्या टोकाने पृष्ठभाग कातला जातो व आवश्यकतेनुसार पॉलिश केला जातो. शेवटचे काम फूको यांच्या काळाप्रमाणेच अत्यंत सावधपणे करावे लागते.

येथे पहिली अडचण सच्छिद्रतेची आहे. भुकटी वितळताना सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात. पृष्ठभाग कातला की त्या उघड्या पडतात व प्रकाश विखुरतात. माउंट विल्सनच्या काचेतील बुडबुडे खोल असल्याने क्षम्य ठरले; येथे ते पृष्ठभागावरच येत असल्याने क्षम्य ठरत नाहीत. उच्च तापमान व सर्व बाजूंनी समान दाब देऊन या पोकळ्या दाबता येतात. दुसरा उपाय म्हणजे निकेल-फॉस्फरसचा थर चढवून तो पॉलिश करणे. पण ॲल्युमिनियम व हा थर तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे थंडीत आरसा वाकतो. सुमारे ४० टक्के सिलिकॉन असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरल्यास हे दोन्ही प्रसरण बरेचसे जुळते. जर्मनीतील येना येथील फ्राउनहोफर संस्थेने या मिश्रधातूच्या मुद्रित आरशांवर काम केले आहे.

दुसरी अडचण रचनेतून उद्भवते. दर्शनी भाग फार पातळ असल्यास पॉलिशच्या दाबाने तो जाळीच्या मध्ये किंचित दबतो आणि मागील जाळीचा ठसा पृष्ठभागावर उमटतो. तिसरी अडचण आत अडकणाऱ्या भुकटीची. बंद पोकळीतून ती काढण्यासाठी छिद्रे ठेवावी लागतात आणि राहिलेला एखादा कण अंतराळात सुटल्यास इतर भाग दूषित होऊ शकतात. चौथी अडचण झुकत्या भागांची. क्षितिजाशी फार लहान कोन करणारा भाग खाली आधार दिल्याशिवाय छापता येत नाही. म्हणजे आकाराचे स्वातंत्र्य मोठे असले तरी ते अमर्याद नाही. जुने नियम गेले व त्यांच्या जागी नवे नियम आले.

याहून महत्त्वाची बाब अशी की एकच आराखडा दोन यंत्रांवर छापल्यास दोन सारखेच भाग मिळतील याची शाश्वती नसते. लेसरची शक्ती, गती, भुकटीचा दर्जा व भागाची यंत्रातील दिशा या सर्वांचा परिणाम होतो. आराखड्याची संगणकीय प्रत क्षणात जगभर पाठविता येते. ती यशस्वीपणे छापण्याचे ज्ञान मात्र त्या प्रतीत नसते. हर्शेल यांच्या काळी कारागिराच्या हातात असलेले रहस्य आता यंत्राच्या मांडणीत जाऊन बसले आहे.

८. भारतीय महाविद्यालयांच्या दृष्टीने विचार

उपलब्ध कार्यशाळेचा विचार करून उपकरणाचा आकार ठरविण्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळील खोडद येथे १९९० च्या दशकात उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी जड सांगाड्याऐवजी ताणलेल्या तारदोरांवर बारीक पोलादी जाळी बसविण्याची कल्पना मांडली. त्यामुळे वजन व वाऱ्याचा भार घटला आणि तबकड्या देशातच, माफक खर्चात तयार होऊ शकल्या. मीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या तरंगलांबीला जाळी पुरेशी असते, हे भौतिक सत्य आणि स्थानिक कारागिरीची ताकद यांची सांगड येथे घातली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ वरील अतिनील सौरदुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. नायगमवालांच्या काळातील परावलंबनापासून देशाने केलेला प्रवास यावरून दिसून येतो.

महाविद्यालयांची स्थिती वेगळी आहे. धातू छापणारी यंत्रे त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. प्लास्टिक छापणारे यंत्र मात्र घेणे शक्य झाले आहे. त्यावर दुर्बिणीची बैठक, नेत्रिकेचे धारक, लहान वर्णपटदर्शकाची पेटी असे भाग उत्तम होतात. पण येथेही पदार्थाचे ज्ञान लागते. सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. वैशाखाच्या उन्हात ठेवलेल्या काळ्या नळीचे तापमान या मर्यादेजवळ जाऊ शकते. सतत भार असल्यास प्लास्टिक हळूहळू कायमचे वाकते आणि दुर्बिणीचा अक्ष सरकतो.

यंत्र खरेदी झाले, एखादे शोभेचे नमुने छापले गेले आणि पुढे ते झाकून ठेवले गेले, तर १९१२ मध्ये पुण्याच्या वेधशाळेचे जे झाले त्याचीच लहान आवृत्ती घडेल. हे टाळण्यासाठी इतिहास तीन गोष्टी सुचवितो. पहिली, छापलेल्या प्रत्येक भागाची, विशेषतः फसलेल्या भागाची, नोंदवही ठेवणे. दुसरी, फूको कसोटीसारखी मोजमापाची साधी साधने छपाई यंत्राच्या शेजारीच असणे. तिसरी, ही नोंद एका प्राध्यापकापुरती न ठेवता विभागाची व इतर महाविद्यालयांचीही करणे. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी व कार्यशाळेतील साहाय्यक या दोघांनी मिळून हे काम केल्यास त्यातून खरे प्रायोगिक शिक्षण होईल.

निष्कर्ष

१) त्रिमितीय मुद्रण हे खगोलीय उपकरणनिर्मितीतील एका जुन्या प्रश्नाचे नवे उत्तर आहे. पालोमारच्या फासळ्या, ॲरिझोनाचे पोळे, वेबचे कोरलेले बेरिलियम व आजची मुद्रित जाळी हे एकाच प्रयत्नाचे क्रमिक टप्पे होत.
२) या तंत्राने भागाच्या अंतर्गत आकाराला मोठे स्वातंत्र्य दिले. प्रकाश ज्या पृष्ठभागावर पडतो तो घडविण्यासाठी मात्र कातकाम, पॉलिश व कसोटी यांची गरज कायम आहे.
३) आराखडा सहज प्रवास करतो, तो वापरण्याचे कौशल्य आपोआप प्रवास करीत नाही. कौशल्याचा प्रसार होण्यास खुली नोंद लागते, हे हर्शेल व रॉस यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.
४) भारतीय महाविद्यालयांना हे तंत्र उपयुक्त ठरेल की नाही, हे यंत्राच्या किमतीपेक्षा त्याभोवती उभ्या राहणाऱ्या कार्यशाळेवर व तेथील नोंदींवर अधिक अवलंबून राहील. कॉर्निंगने आपली फसलेली तबकडी संग्रहालयात मांडली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही फसलेल्या भागांसाठी एक कपाट असावयास हरकत नाही.